कॅथलीन फेरिअरची उमेदवारी : वृंदगान आणि ऑपेरा

कॅथलीन फेरिअर (१९१२–१९५३) या इंग्रज गायिकेविषयी जे काही लिहिले जाते त्यात एक कथा हमखास आढळते. टेलिफोन केंद्रात नोकरी केलेली एक तरुणी नवऱ्याशी एका शिलिंगाची पैज लावून गायनाच्या स्पर्धेत उतरते, पहिली येते, आणि पुरती दहा वर्षे लोटतात न लोटतात तोच युरोपातील अग्रगण्य गायिकांत तिची गणना होऊ लागते. या कथेतील एकही तपशील खोटा नाही. तरीही ती दिशाभूल करणारी आहे. कोणत्याही शिक्षणावाचून केवळ दैवी देणगीच्या बळावर हे घडले, असा तिच्यामुळे समज होतो. वस्तुतः पैज लागली त्या दिवसापर्यंत या तरुणीची उमेदवारी चांगली पंधरा-वीस वर्षे झाली होती. ती संगीतविद्यालयात झाली नाही, एवढेच. ती कोठे झाली, तिने या आवाजाला काय दिले, आणि ऑपेराच्या रंगभूमीवर पाऊल टाकताना त्याच उमेदवारीने तिला कोठे अडविले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेशर व यॉर्कशर हे परगणे एकेकाळी कापडगिरण्यांचे. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांबरोबर जी गावे वाढली त्यांत चर्च व चॅपेल यांच्या जोडीनेच गायनसंस्थाही उभ्या राहिल्या. हडर्सफील्ड येथील प्रसिद्ध गायनसंस्था १८३६ मध्ये स्थापन झाली. तशा लहानमोठ्या संस्था गावोगावी होत्या. दिवसभर मागावर उभे राहणारे स्त्रीपुरुष संध्याकाळी एकत्र जमत आणि हँडेल, मेंडेल्सोन यांच्या रचना बसवीत. हे गायन एकस्वरी नव्हे. स्त्रियांचे उंच व खालचे आवाज म्हणजे सोप्रॅनो व आल्टो, आणि पुरुषांचे उंच व खालचे म्हणजे टेनर व बेस, असे चार गट एकाच वेळी चार निरनिराळ्या स्वरपंक्ती गात असतात. आपली पंक्ती न सोडता उरलेल्या तिन्हींकडे कान ठेवणे हा या कलेचा पाया होय. आपल्याकडील ख्यालगायकाला ज्या एकांताची सवय असते, त्याच्या नेमकी उलट अशी ही शिस्त आहे.

गिरणीकामगारांना ही अवघड विद्या साध्य कशी झाली? याला दोन गोष्टी कारण झाल्या. एक म्हणजे लंडनच्या नॉव्हेलो या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या स्वस्त स्वरलिपी. दुसरी, व मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल अशी, म्हणजे 'टॉनिक सोल-फा' ही वाचनपद्धती. नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने ती सिद्ध केली आणि जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने ती देशभर नेली. पाश्चात्त्य स्वरलेखनात प्रत्येक स्वराची उंची ठरलेली असते. या पद्धतीत मात्र आधारस्वर कोणताही घ्यावा, त्याला 'डो' म्हणावे व बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखावेत. आपला षड्ज तरी दुसरे काय करतो? स्वराचे नाव म्हणजे उंचीचे माप नव्हे, ते एक नाते आहे, हे तत्त्व इकडे सरगमीने शिकविले आणि तिकडे सोल-फाने. ज्यांना पियानो परवडत नव्हता अशा हजारो लोकांसाठी संगीतवाचनाचे दार या पद्धतीने उघडले.

या संस्थांचे मुख्य अन्न म्हणजे ऑरेटोरिओ. यात नाटकाप्रमाणे कथा व पात्रे असतात, वाद्यवृंद असतो, एकट्याची गीते असतात. परंतु वेश नाही, अभिनय नाही, रंगभूमीवरील हालचाल नाही. गायक पुस्तक हातात घेऊन उभे राहतात व गातात. सारे नाट्य स्वरात आणि शब्दांत. हँडेलचा 'मसाया' हा यांतील सर्वाधिक लोकप्रिय. १७४२ मध्ये डब्लिन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि उत्तर इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास तो न गाणारी गायनसंस्था विरळाच.

कॅथलीनचा जन्म २२ एप्रिल १९१२ रोजी लँकेशरमधील हायर वॉल्टन या गावी झाला. वडील गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. ते हौसेने अनेक गायनवृंदांत गात. आईचा आवाज भारदस्त काँट्राल्टो होता. १९१४ मध्ये हे कुटुंब ब्लॅकबर्न या गिरण्यांच्या शहरी राहावयास गेले. मुलीला पियानो शिकविण्यात आला व तिने त्यात वेगाने प्रगती केली. मात्र घरची स्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती टपाल खात्याच्या टेलिफोन केंद्रात उमेदवार म्हणून लागली. १९२८ मध्ये एका वृत्तपत्राने भरविलेल्या पियानोवादनाच्या स्पर्धेत ती आपल्या विभागात विजयी ठरली. लंडनमधील अंतिम फेरीत ती मागे पडली, पण बक्षीस म्हणून एक उभा पियानो घरी आला.

पुढील काही वर्षे ब्लॅकबर्न व आसपासच्या भागात तिची ओळख होती ती साथीदार म्हणून. चरित्रकार या काळावरून लवकर पुढे सरकतात. माझ्या मते तो घाईने टाकून देण्याजोगा नाही. दुसऱ्याच्या गाण्याला साथ करणाऱ्याला गायकाचा श्वास कोठे संपतो, शब्द कोठे पडतो, कोणती जागा सैल सोडली तर पुढची जागा घट्ट बसते, हे गायकाच्याही आधी कळावे लागते. पुढे फेरिअरने आपल्या पियानोसाथीदारांशी जी बरोबरी साधली तिचे मूळ येथे आहे. १९३१ च्या डिसेंबरात चर्चमधील मेंडेल्सोनच्या 'एलायजा'च्या प्रयोगात तिने एक लहानशी आल्टो भूमिका गाइली. पण गायिका व्हावे असे त्या वेळी तिच्या मनात असल्याचे दिसत नाही. आणखी एक गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे. १९३५ मध्ये टपाल खात्याने टेलिफोनवरून वेळ सांगण्यासाठी 'सोनेरी आवाजाची मुलगी' शोधण्याची मोहीम काढली. फेरिअरचा आवाज त्या कामी निवडला गेला नाही!

त्याच वर्षी तिचा विवाह झाला आणि नोकरी सुटली, कारण विवाहित स्त्रियांना टेलिफोन केंद्रात ठेवीत नसत. पती बँकेत अधिकारी होते. त्यांच्या बदलीमुळे जोडपे कंबरलंडमधील सिलथ या समुद्रकाठच्या गावी आले, आणि जवळच्या कार्लाइल येथील संगीतोत्सवात मार्च १९३७ मध्ये ती प्रसिद्ध पैज लागली. पियानोसाठी तिने नाव दिलेच होते. पतीने डिवचल्यावर गायनासाठीही दिले. दोन्हींत ती पहिली आली आणि उत्सवातील सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून रौप्यपात्रही तिनेच मिळविले.

असे स्पर्धात्मक उत्सव ही इंग्लंडच्या हौशी संगीताची दुसरी मोठी संस्था. मेरी वेकफील्ड या गायिकेने १८८५ मध्ये केंडल येथे त्यांचा पायंडा घातला. परीक्षक बहुधा नामांकित संगीतज्ञ असतात आणि केवळ गुण देऊन ते थांबत नाहीत. प्रत्येक स्पर्धकाचे काय जमले व काय चुकले हे ते सर्वांसमक्ष समजावून सांगतात. ज्याला गुरू परवडत नाही त्याला वर्षातून एकदा का होईना, पण उत्तम गुरूचे पाच मिनिटांचे मार्गदर्शन मिळते. फेरिअरला तर अशा उत्सवातून गुरूच मिळाला. १९३९ मध्ये कार्लाइललाच परीक्षक म्हणून आलेल्या जे. ई. हचिन्सन या न्यूकॅसलच्या शिक्षकाकडे ती पुढे शिकू लागली, आणि बाख, हँडेल, ब्रॅम्स व एल्गर यांच्या रचनांशी तिचा पद्धतशीर परिचय झाला. व्यावसायिक गायिका म्हणून तिचा पहिला कार्यक्रम त्यापूर्वीच, १९३७ च्या शरदात, ॲस्पॅट्रिया या खेड्यातील चर्चच्या सुगीच्या उत्सवात झाला होता. मोबदला होता एक गिनी.

तिच्या आवाजाची जात येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्यावर अवलंबून आहे. स्त्रीच्या सर्वांत खालच्या आवाजाला काँट्राल्टो म्हणतात. त्याचे सौंदर्य खर्जाकडील स्वरांच्या भरदार, काळसर रंगात असते. असे आवाज मुळातच थोडे. आणि ऑपेराने त्यांना नेहमीच दुय्यम वागविले आहे. नायिकेचा मान सोप्रॅनोचा. काँट्राल्टोच्या वाट्याला यायच्या त्या दाया, वृद्ध माता, मांत्रिकिणी. उलट ऑरेटोरिओत तिला पूर्ण चार मानकऱ्यांपैकी एकीचे स्थान असते. 'मसाया'तील सर्वांत दीर्घ व सर्वांत करुण गीत आल्टोलाच दिलेले आहे. म्हणूनच इंग्लंडमध्ये काँट्राल्टो आवाज पिकला तो गायनसंस्थांच्या शेतात, ऑपेरागृहात नव्हे. फेरिअरच्या आधीच्या पिढीतील क्लॅरा बट हिचे उदाहरण पाहावे. १८९२ मध्ये विद्यार्थिनी असताना ती ग्लुकच्या ऑपेरात ऑर्फेओ झाली; नंतर जवळजवळ तीस वर्षे अफाट लोकप्रियता भोगून १९२० मध्ये कव्हेंट गार्डनला पुन्हा ऑर्फेओच झाली. मधला सगळा काळ मैफली आणि ऑरेटोरिओ यांचा.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि देशातील संगीताची मांडणीच बदलली. कव्हेंट गार्डनच्या ऑपेरागृहाचे नृत्यगृह झाले. सॅडलर्स वेल्सचे नाट्यगृह बंद पडून त्याची मंडळी दौऱ्यावर निघाली. पण चर्च होते, गायनसंस्था होत्या, आणि 'मसाया'ला नेपथ्य लागत नाही. १९४० मध्ये संगीत व कला यांच्या उत्तेजनार्थ एक मंडळ स्थापन झाले. युद्धोत्तर काळातील ब्रिटिश कला परिषदेचे ते पूर्वरूप. या मंडळाच्या वतीने फेरिअर उत्तरेकडील कारखान्यांत, खाणीच्या गावांत, सैनिकांच्या छावण्यांत गाऊ लागली. जेवणाच्या सुटीत, थाळ्यांच्या खडखडाटात, कधी शास्त्रीय संगीत न ऐकलेल्या श्रोत्यांसमोर गाताना शब्द स्पष्ट नसेल तर सारेच व्यर्थ. तिचे इंग्रजी शब्दोच्चार पुढे आदर्श मानले गेले, त्यांची घासाघीस येथे झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

१९४२ मध्ये मँचेस्टर येथे वाद्यवृंदसंचालक माल्कम सार्जंट याने तिचे गाणे ऐकले व लंडनला जाण्याचा सल्ला दिला. त्या वर्षाच्या नाताळच्या आदल्या दिवशी ती बहीण व वडील यांच्यासह हॅम्पस्टेडमध्ये राहावयास आली. ती तेव्हा तीस वर्षांची होती. एवढ्या वयापर्यंत पुष्कळ ऑपेरागायिकांच्या दोन-तीन मोठ्या भूमिका होऊन गेलेल्या असतात.

लंडनमध्ये तिने रॉय हेंडरसन या गायकाकडे शिक्षण सुरू केले. हेंडरसनची निवड अर्थपूर्ण आहे. तो ऑरेटोरिओचा नामवंत बॅरिटोन, वृंदांचा संचालक, आणि १९३४ मध्ये ग्लाइंडबर्नच्या ऑपेरागृहाचे उद्घाटन झाले तेव्हा मोझार्टच्या 'फिगारो'त काउंटची भूमिका केलेला नट. दोन्ही जगांचा त्याला अनुभव होता. फेरिअरचा कंठ मुळातच प्रशस्त, त्यात त्याला फारसे काही करावयाचे नव्हते. त्याने लक्ष दिले ते श्वासावर, वरच्या स्वरांवर, आणि एका सवयीवर. गाताना तिची नजर पुस्तकात खिळलेली असे. वृंदात वाढलेल्या गायकाचा हा स्वाभाविक दोष. पुस्तक ही त्याची ढालच असते. हेंडरसनने तिला मोठमोठ्या रचना मुखोद्गत करावयास लावल्या. पुस्तक खाली गेले आणि श्रोत्यांना प्रथमच चेहरा दिसला.

१७ मे १९४३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये बाख कॉयर या वृंदाने 'मसाया' सादर केला. सोबतीला सोप्रॅनो इझोबेल बेली व टेनर पीटर पिअर्स. लंडनच्या जाणत्या श्रोत्यांना फेरिअरची खरी ओळख त्या दिवशी झाली. श्रोत्यांत बेंजामिन ब्रिटन हा एकोणतीस वर्षांचा संगीतरचनाकार होता. त्याने तो आवाज लक्षात ठेवला.

ब्रिटनचा 'पीटर ग्राइम्स' १९४५ मध्ये गाजला, आणि पुढील ऑपेरा त्याने मुद्दाम लहान आकाराचा योजिला. गायक आठ, वादक बारा-तेरा. विषय रोमन पुराणेतिहासातील ल्युक्रेशियाचा : पतिव्रता स्त्री, राजपुत्र टार्क्विनियसचा बलात्कार, दुसऱ्या दिवशी पतीसमोर तिने केलेला आत्मघात. युद्धकाळात मुलांचे आश्रयस्थान झालेले ग्लाइंडबर्न १२ जुलै १९४६ रोजी 'द रेप ऑफ ल्युक्रेशिया' या ऑपेराने पुन्हा उघडले. भूमिका दुहेरी होत्या. ल्युक्रेशिया कधी फेरिअर असे, कधी नॅन्सी एव्हान्स. पहिल्या रात्री फेरिअर होती आणि संचालक होता एर्नेस्त आन्सर्मे.

मैफलीच्या स्वरूपातील 'कारमेन'चा १९४४ मधील एक अनुभव सोडला तर चौतिसाव्या वर्षी ती ऑपेराला सर्वथा नवखी होती. तालमीत अडचण गळ्याची नव्हती, हातांची होती. हात उचलण्यासारखी साधी गोष्ट रंगभूमीवर किती दुर्घट होऊन बसते याचे तिला स्वतःलाच आश्चर्य वाटे. वीस वर्षे स्तब्ध उभे राहून गाण्याचे जे शिक्षण झाले होते त्याची ही किंमत. दुसरी भीती उंच स्वरांची. शोकाच्या एका आवेगात ब्रिटनने वरच्या 'ए' स्वरापर्यंत झेप लिहिली होती. तो स्वर तिला आवाक्याबाहेरचा वाटे, म्हणून त्याने खालचा पर्यायही लिहून दिला. पुढे एके दिवशी तिने कोणाला न सांगता वरचाच स्वर लावला, आणि पर्यायाचे प्रयोजन उरले नाही.

परंतु या ऑपेराची घडण पाहिली म्हणजे ब्रिटनला हीच गायिका का हवीशी वाटली याचा उलगडा होतो. यात दोन पात्रे अशी आहेत की ती कथेत भाग घेत नाहीत. एक पुरुष व एक स्त्री रंगमंचाच्या कडेला राहून घडणाऱ्या गोष्टींवर भाष्य करतात. ब्रिटनने त्यांना 'कोरस' असेच नाव दिले आहे. ही रचना ग्रीक नाटकाइतकीच ऑरेटोरिओचीही आठवण करून देते. कथा सांगणारे वेगळे, भोगणारी वेगळी. नायिकेने या मांडणीत धावपळ करावयाची नसून आपल्या आवाजाच्या शांत वजनाने मध्यभागी उभे राहावयाचे असते. सोप्रॅनोच्या झळाळीने हे साधले नसते. सभोवतालच्या पुरुषांचे वासनेने व मत्सराने पेटलेले बोलणे आणि ल्युक्रेशियाचा सखोल, सावकाश स्वर, यांच्या विरोधावरच नाटक तोलले आहे. त्या वर्षी ग्लाइंडबर्ननंतर इंग्लंडमधील शहरांत व हॉलंडमध्ये प्रयोग झाले. हॉलंडची ही सफर तिचा पहिलाच परदेशप्रवास होता.

पुढील वर्षी, १९ जून १९४७ रोजी, ग्लाइंडबर्नलाच ती ग्लुकचा ऑर्फेओ झाली. स्त्रीने पुरुषभूमिका करण्याचे बालगंधर्वांच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. पण ही भूमिका काँट्राल्टोकडे आली कशी, हा इतिहास येथे अगदी प्रस्तुत आहे. १७६२ मध्ये व्हिएन्नाला पहिला ऑर्फेओ झाला तो गाएतानो ग्वादान्यी हा कास्त्रातो, म्हणजे बालपणी शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही असा गायक. हा ग्वादान्यी तरुणपणी लंडनमध्ये होता. १७५० मध्ये हँडेलने 'मसाया'तील काही गीते त्याच्यासाठी नव्याने लिहिली, आणि थोर नट डेव्हिड गॅरिक याने त्याला अभिनयाचे धडे दिले असे चार्ल्स बर्नी या समकालीन इतिहासकाराने नोंदविले आहे. त्याच्याही आधी, डब्लिनच्या पहिल्या 'मसाया'त ते करुण आल्टो गीत गाणारी सुझाना सिबर ही तर नटीच. पुढे गॅरिकबरोबर तिने रंगभूमी गाजविली. म्हणजे 'मसाया'ची आल्टो गीते आणि ऑर्फेओची भूमिका यांचा उगम एकाच गायनपरंपरेत आहे : अलंकार आवरून, शब्दाचा अर्थ स्वरात उतरविणारी ती परंपरा. पॅरिसला १८५९ मध्ये बर्लिओझने ही भूमिका पोलिन व्हियार्दोसाठी नव्याने सिद्ध केली, तेव्हापासून ती स्त्रीकडे स्थिरावली. फेरिअर ऑरेटोरिओतून ऑर्फेओकडे आली ती जुन्याच वाटेने आली.

शिवाय ऑर्फेओचा खरा संवाद चालतो तो कोणाशी? युरीडिचेशी नव्हे, वृंदाशी. पडदा उघडतो तेव्हा समाधीभोवती वृंद शोक करीत असतो आणि ऑर्फेओ त्यात केवळ तीन वेळा तिचे नाव उच्चारतो. दुसऱ्या अंकात तो पाताळाच्या दारी विनवणी करतो आणि पिशाच्चांचा वृंद 'नाही' म्हणून गर्जतो. हळूहळू ती गर्जना मवाळ होत जाते. चार आवाजांच्या लाटेत आपला एक स्वर कसा ठेवावा, हे जिला लहानपणापासून ठाऊक, तिला या प्रवेशात शिकविण्यासारखे थोडेच होते. संचालक फ्रिट्झ स्टीड्री याच्याशी तिचे जमले नाही, अभिनयावरून कुरबुरी झाल्या. तरी पहिल्या रात्रीचे स्वागत उत्तम झाले व डेक्का कंपनीने संक्षिप्त ध्वनिमुद्रणही केले. ते ऐकताना मला तिचा इटालियन उच्चार किंचित जपून टाकलेल्या पावलांसारखा वाटतो. इंग्रजीतील तिचा सहजपणा त्यात नाही. पण समाधीजवळची ती नामोच्चाराची हाक ऐकली की ही तक्रार मनात राहत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात, पहिल्या एडिंबरो महोत्सवात, ब्रूनो वॉल्टरच्या संचालनाखाली व्हिएन्नाच्या वाद्यवृंदासह तिने मालरचे 'दास लीड फॉन डेर एर्ड' गाइले. टेनर होता पीटर पिअर्स, 'मसाया'तील तिचा जुना सोबती. या रचनेचा पहिला प्रयोग वॉल्टरनेच १९११ मध्ये केला होता. अखेरचा शब्द अश्रूंमुळे तिच्याकडून पुरा झाला नाही आणि नंतर तिने वॉल्टरची क्षमा मागितली, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. तिची उमेदवारी येथे संपली असे मानावयास हवे.

गायनसंस्थांनी एका मोठ्या ऑपेरागायिकेला बांधून ठेवले, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. तो मला पटत नाही. दुसऱ्या शिक्षणाने कदाचित अधिक चपळ नटी तयार झाली असती, परंतु हा आवाज त्याच स्वरूपात तयार झाला असता का, याची शंका आहे. रंगभूमीवर तिने आयुष्यभर दोनच भूमिका केल्या, आणि १९४७ नंतर केवळ ऑर्फेओ : हॉलंडमध्ये १९४९ व १९५१ साली, आणि शेवटी कव्हेंट गार्डनला, जॉन बार्बिरोलीच्या संचालनाखाली व इंग्रजी शब्दांत. तोवर तिला कर्करोग झाला होता. चार प्रयोग ठरले होते. पहिला ३ फेब्रुवारी १९५३ रोजी पार पडला. ६ फेब्रुवारीच्या दुसऱ्या प्रयोगात तिच्या मांडीचे हाड रंगमंचावरच मोडले. सहकलावंतांनी आपल्या हालचाली बदलून तिच्याभोवती प्रयोग जुळवून घेतला; ती नेपथ्याला टेकून एका जागी उभी राहिली आणि तशीच शेवटपर्यंत गाइली. उरलेले दोन प्रयोग झाले नाहीत. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी तिचे निधन झाले.